पाक थांबत नाही

पौष लागला की बारामतीच्या आमच्या शाळेच्या मागच्या खिडक्यांतून एक वास आत येतो. उकळत्या उसाच्या रसाचा, जळत्या चिपाडांच्या धुराचा, आणि त्यात कुठेतरी किंचित करपलेल्या मळीचा. कालव्याच्या पलीकडे कुणाचं तरी गुऱ्हाळ लागलेलं असतं. मुलींच्या माना खिडकीकडे वळतात. तास इंग्रजीचा असतो, मी फळ्यावर क्रियापदाची रूपं लिहीत असते, आणि मधल्याच एखाद्या रूपापाशी खडू थांबतो. दरवर्षी मी मनाशी म्हणते की यंदा हा नुसता वास असेल. तसं होत नाही. अंगात एक जुना शीण भरून येतो. दुपारी जेवण झाल्यावर येतो तसला, पण जेवणाशी काही संबंध नसलेला.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे. प्रश्न विचारला की ती उत्तर देते, बरोबर देते, पण बाकीच्या मुली आपसांत हसून मोकळ्या झाल्यावर. गेल्या महिन्यात तपासणीला आलेल्या साहेबांनी तिच्याकडे पाहून मला हळूच विचारलं, "ही जरा मंद आहे का?" मी म्हटलं, "नाही. तिला वेळ लागतो." साहेबांना दोन्ही एकच वाटलं असावं. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण सणसरचा एक हिवाळा.

त्या हिवाळ्याला आता सहा वर्षं होतील. माझं शिक्षण पुण्याला, कॅम्पातल्या मिशनच्या शाळेत झालं. आई लहानपणीच गेली, वडील रेल्वेत, बदलीची नोकरी, म्हणून मी वसतिगृहात. मॅट्रिक झाले आणि पुढे कॉलेजात घालायचं की नाही हे वडिलांचं ठरेना. ठरेपर्यंत म्हणून त्यांनी मला इंदापूर तालुक्यात सणसरला आबांकडे आणून सोडलं. आबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. त्यांना मूलबाळ नव्हतं. मळ्यातल्या घरात ते, काकी, आणि आता मी.

माझं मराठी तेव्हा फार सावकाश चालायचं. वाक्य आधी मनात इंग्रजीत तयार व्हायचं, मग मी त्याचं मराठी करायची, आणि तोवर समोरच्यांचं बोलणं भलतीकडेच पोचलेलं असायचं. मग मी ते वाक्य गिळून टाकायची. ओट्यावर येऊन बसणाऱ्या बायका काकीला विचारायच्या, "पोरगी एवढी शिकलीया म्हणता, आन बोलत कशी न्हाय?" काकी म्हणायची, "इंग्रजी बोलती ती. हितं कुणासंगं बोलंल?" आबांनी माझं नाव मडम ठेवलं होतं. "मडम, च्या झाला का?" एवढ्याला मी पटकन 'हो' म्हणू शकायची, म्हणून ते दिवसातून चारदा विचारायचे.

आबा गुळव्या होते. जमीन घरची, ऊस घरचा, पण आसपासच्या पाच-सहा गुऱ्हाळांवरही पाक बघायला त्यांनाच बोलावत. रस काहिलीत, म्हणजे आठ-नऊ फुटांच्या त्या उथळ लोखंडी कढईत, तीन-साडेतीन तास उकळतो. त्याची मळी काढायची, भेंडीच्या खोडांचा चिकट रस घालून तो साफ करायचा, खालच्या चुलवाणात चिपाडं सारत राहायचं. हे सगळं शिकता येतं. शेवटचं अर्धं मिनिट मात्र फारच थोड्यांना येतं. बुडबुडे आधी पांढरे असतात, मग पिवळे होतात, मग जड होऊन सावकाश फुटू लागतात. आबा बोटं थंड पाण्यात बुडवायचे, पळीवरून उकळत्या पाकाचा थेंब उचलायचे, तो पाण्यातच अंगठ्याने वळायचे, आणि टिचकीने काहिलीच्या काठावर मारायचे. त्याचा आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "हं." बस. त्या एका 'हं'वर पाच माणसं कड्यांत बांबू घालून काहील उचलायची. थोडं आधी उतरवलं तर गूळ पावसाळ्यात पाघळतो. थोडा उशीर झाला तर दगड होतो. आबांच्या 'हं'च्या आधी काहिलीला कुणी हात लावायचा नाही, अशी रीत होती. ती कुणी घालून दिलेली नव्हती, पण मोडतही कुणी नव्हतं.

दसऱ्याच्या सुमारास आबांना मळ्यात पहिल्यांदा फेफरं आलं. दिवाळीनंतर दुसऱ्यांदा आलं ते गुऱ्हाळावरच, हंगामाचं पहिलं आदण लावलं त्या दिवशी. काहिलीत एका वेळी जेवढा गूळ होतो त्याला तिकडे आदण म्हणतात. उभ्या उभ्या त्यांची मान एका बाजूला वळली आणि ते काहिलीकडे कलले. चुलवाणात जाळ घालणारा बाबालाल, निमगाव केतकीचा, आबांबरोबर वीस हंगाम काढलेला, त्याने धोतर धरून त्यांना मागे ओढलं. तरी डावा हात काठाला लागून कोपरापर्यंत भाजला. काकीने त्यांच्या नाकाशी चप्पल धरली. बाबालाल धापा टाकत म्हणाला, "वैनी, चपलीनं काय व्हतंय? पुण्याला न्या त्यास्नी."

वडिलांनी पत्र लिहून पुण्यातल्या एका डॉक्टरांचा पत्ता कळवला. ते लष्करातून निवृत्त झालेले, मद्रासकडचे. त्यांना मराठी येत नव्हतं आणि आबांना दुसरं काही येत नव्हतं. पण मी होतेच. घरात पहिल्यांदाच माझ्या शिक्षणाचा काही उपयोग निघाला होता. काकीने मला नवं लुगडं नेसवलं, जणू परीक्षेला मीच चालले होते.

एस.टी.त आबा खिडकीशी बसले होते. भाजलेला हात मांडीवर उताणा ठेवलेला. पाटसच्या पुढे कुठेतरी ते बाहेर बघत म्हणाले, "हात जाऊ दे, पाय जाऊ दे. डोकं शाबूत पायजे. डोक्याला मारणारं औषध असंल तर मी घेणार न्हाय, आधीच सांगतो." मी मान हलवली. मला वाटलं, ते मला सांगत नाहीत, खिडकीला सांगताहेत.

डॉक्टरांनी तपासलं, विचारलं, मी सांगितलं. सुरुवातीचं सगळं मी नीट केलं. रोज संध्याकाळी जेवल्यावर दोन गोळ्या. एक दिवसही चुकवायच्या नाहीत. आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नाहीत, केल्या तर फिट पहिल्यापेक्षा जोराने येईल. पहिले काही दिवस झोप येईल. एकेक वाक्य ते बोलायचे, मी मराठी करायची, आबा 'व्हय' म्हणायचे. मग डॉक्टरांनी चष्मा काढला, टेबलावर ठेवला, आणि सावकाश, खालच्या आवाजात माझ्याशी बोलले. या औषधाने काही माणसांचं डोकं मंदावतं. आठवण कमी होते, शब्द सापडत नाहीत, निर्णयाला वेळ लागतो. हे कुणाला होईल, किती होईल, आधी सांगता येत नाही. माणसाला स्वतःला ते चटकन कळतही नाही, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवायचं. तसं दिसलं तर मला कळवा, गोळ्या कमी-जास्त करून बघता येतात. पाच-सहा वाक्यं होती.

आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय म्हणत्यात?"

मी म्हटलं, "आराम करा म्हणतात."

पुढे कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत राहिले की मला मराठी शब्द सुचले नाहीत. ते खरं नाही. 'डोकं मंदावेल' हे दोन शब्द मला येत होते. मला भीती वाटली की आबा तिथल्या तिथे उठतील, आणि पुढच्या खेपेला बाबालालच्या हातात धोतर येणार नाही. आणि त्याहून लहान, सांगायला लाज वाटावी असं दुसरं एक कारण होतं. मी दमले होते. परक्या खोलीत, दोन पुरुषांच्या मध्ये बसून, आयुष्यात कधी बोलले नव्हते एवढं मी तासाभरात बोलले होते. ते शेवटचं ओझं उचलायला अंगात बळ नव्हतं. ते मी टेबलावरच ठेवून आले असं मला वाटलं. प्रत्यक्षात ते माझ्याबरोबर सणसरला आलं.

मार्गशीर्ष उजाडला. सकाळी कालव्यावर धुकं असायचं, आणि त्या धुक्यात इंजिनाच्या घाण्याचा टुक-टुक आवाज कुठून येतो ते कळायचं नाही. उसाला पांढरे तुरे आले होते. गुऱ्हाळावर मधमाश्या इतक्या की त्यांना कुणी हाकलत नसे, कामावरचीच माणसं समजत. वाटेवरचा कुणीही यावा, उसाच्या कांड्यावर गरम गूळ घ्यावा, चुलवाणाच्या राखेत भाजलेली रताळी खावीत आणि जावं. नाही म्हणायचं नाही. मी चिपाडांच्या ढिगाला टेकून बसायची. लोकांना वाटायचं, मडम गुऱ्हाळ बघतेय. मी आबांना बघत होते.

रोज संध्याकाळी काकी जेवणाचं ताट उचलायची, मी बाटलीतून दोन गोळ्या काढून आबांच्या तळहातावर ठेवायची, ते पाण्याबरोबर घ्यायचे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी मोजायला लागायची. आज विळ्याला विळा म्हणायच्या आधी ते थांबले. आज विहिरीवरच्या कुलपाची किल्ली कुठे ठेवतो ते मला सांगितलं, आणि तासाभराने पुन्हा सांगितलं. आज बांधाच्या आंब्यापर्यंत आपलं, हे काकीला दोनदा सांगितलं, जे काकीला तीस वर्षं ठाऊक होतं. कालव्याच्या पाण्याची पाळी कुणाची कधी हे ज्यांना तोंडपाठ असायचं, ते बाबालालला विचारू लागले, "पाणी कवा येतंय रं?" फिट मात्र पुन्हा आली नाही. एकदाही नाही.

काकी खूष होती. "गोळी लई गुणाची हाय," ती शेजारणींना सांगायची. "आधी भाकरीचा काठ जळला तरी घर डोक्यावर घ्यायचे. आता कसं, समोर ठेवलं की गप जेवत्यात." ती हे सांगताना हसायची. तिला हवा असलेला शांत नवरा तिला बाटलीतून मिळाला होता. त्या बाटलीवरचं इंग्रजी वाचणारी घरात मी एकटीच.

मी आबांना प्रश्न विचारू लागले. माझ्यासारखी मुलगी आपणहून प्रश्न विचारते याचं खरं तर कुणालाही नवल वाटायला हवं होतं. आबा, या तुकड्यात गेल्या साली कोणता ऊस होता? आबा, वडील लहानपणी कोणत्या झाडावरून पडले? आबा, हे चुलवाण कुणी बांधलं? मनात मी त्यांच्या उत्तरांचा वेळ मोजायची. एकदा ते म्हणाले, "मडम, परीक्षा घेतीस व्हय माझी?" मी लाजेने खाली बघितलं. ते म्हणाले, "इचार, इचार. इचारून घे," आणि आंब्यावरून वडील पडले ती हकिगत अगदी सावकाश, एकेक फांदी आठवून सांगितली. मी मनात नोंद केली: फार वेळ लागला.

माणसाचं डोकं म्हणजे नेमकं काय, हे मी तोवर कधी मनात आणलं नव्हतं. शाळेत डोकं म्हणजे पाठांतर. पण आबांचं डोकं त्यांच्या डोक्यात नव्हतंच. ते उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि पहिल्या दोन बोटांत होतं, आणि कानात. औषध पोटात जातं आणि तिथून हवं तिथे जातं. आजाराला धरताना ते आजूबाजूचं किती धरतं, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. आणि मी कुणाशी बोलणार होते? वडिलांना पत्र लिहायला बसायची, 'आबांची तब्येत ठीक आहे' असं लिहायची आणि पाकीट चिकटवायची.

पौषात एका दुपारी ते झालं. ऊन होतं, वारा पडलेला, धूर सरळ वर जात होता. आदण तयार होत आलं होतं. पाच जण बांबू घेऊन काहिलीभोवती उभे राहिले. आबांनी थेंब उचलला, वळला, काठावर मारला. आवाज आला तो मलासुद्धा कळला. दोन महिने रोज ऐकत होते. पण आबा काही बोलले नाहीत. ते बुडबुड्यांकडे बघत राहिले. अंगठा बोटांवर तसाच फिरत होता, बोटांत काही नसताना. बाबालाल चुलवाणातून वर आला. पाकाचा रंग बदलला. पाचही माणसांना तो बदललेला दिसला. त्यांचे हात बांबूवर घट्ट झाले, आणि एकही जण हलला नाही. आबांच्या आधी हात लावायचा नाही. वास बदलला. मग बाबालाल अगदी हळू म्हणाला, "आबा, उतरवू?"

"हं," आबा म्हणाले. "उतरवा की. उभं का ऱ्हायलाय?"

गूळ काळा झाला होता आणि साच्यातून निघेना. शेजारच्या मळ्यातले दोघे रताळी खायला आले होते, त्यातला एक ढेप ठोकून म्हणाला, "आबा, ह्यो खायाचा का भिंतीत घालायचा?" सगळे हसले. बाबालाल त्याला म्हणाला, "तुझ्या दाताला झेपायचा न्हाय, म्हातारीला ने," आणि बोलणं दुसरीकडे वळवलं. आबा म्हणाले, "रस खारा हुता." त्यांच्या तोंडून कारण आलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आजवर ते फक्त 'हं' म्हणत होते.

त्या पाच माणसांचा मला राग आला. कळत होतं, दिसत होतं, आणि मान राखायचा म्हणून समोर पाक जळू दिला. मग माझ्या लक्षात आलं की कळत असून न हललेली सहावी मी होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी आबा कालव्याच्या कडेला बाभळीखाली बसले होते. मी भाकरी घेऊन गेले होते. वाक्य सकाळपासून मराठीत जुळवून ठेवलेलं होतं. त्यांचं जेवण होईपर्यंत ते धरून ठेवणं मला जड गेलं.

"आबा, मला एक सांगायचंय."

"सांग की."

"डॉक्टर तेव्हा आणखी बोलले होते. मी तुम्हाला सांगितलं नाही."

आबांनी हात धुतले, धोतराला पुसले. "ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"बोलले हुते त्ये. चष्मा काढून बोलले. माणूस इतका येळ बोलला, आन तू म्हणालीस, आराम करा. आराम करा म्हणायला चष्मा कशाला काढंल कुणी? तवाच वळखलं म्या." ते पाण्याकडे बघत होते. "किती दिस म्हणाले?"

मला प्रश्नच कळला नाही.

"आगं, किती दिस हायती माझं? पोरीच्या तोंडातनं निघाना, म्हून म्या इचारलं न्हाय. फागुनापातूर गुऱ्हाळ उरकंल का, तेवढं सांग."

मी जुळवलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. मी तुटक तुटक, चुकत, मध्येच थांबत सांगितलं. मरण वगैरे काही नाही. गोळीने काही जणांचं डोकं मंदावतं, विसरायला होतं, लवकर कळत नाही. तसं झालं तर कळवा म्हणाले होते, गोळ्या कमी करून बघता येतात.

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मी सवयीने तो वेळही मोजू लागले आणि मोजता मोजता थांबले.

"म्हंजे मरायचं न्हाय."

"नाही."

"नुसतं डोकं हळू चालायचं."

"हो."

"आन ह्ये तू दोन महिने पोटात ठिवलंस."

"तुम्ही गोळी घेतली नसती."

"न्हायच घेतली असती," ते म्हणाले. "एव्हाना काहिलीत पडलो असतो. तुझं बी खरं हाय." मग माझ्याकडे वळून, रागावून नव्हे, एखादी गोष्ट समजावून द्यावी तसं म्हणाले, "पर मडम, म्या दोन महिने मरत हुतो की गं."

मग एकेक ते सांगत गेले. किल्ली कुठे आहे ते दोनदा सांगितलं, कारण माझ्या लक्षात राहावं. बांधाचा आंबा काकीला दोनदा सांगितला, कारण ते नसताना शेजारी तंटा करतील. पाण्याची पाळी बाबालालला विचारत होते, कारण पुढे ती त्यालाच ठेवायची होती. काकीवर ओरडले नाहीत, कारण थोडे दिवस राहिलेत तर कशाला. आणि माझे प्रश्न? "मला वाटलं, पोरीला ठावं हाय, जायच्या आधी इचारून घेतीया. म्हून म्या बी सगळं नीट सांगत हुतो."

मी विचारलं, "आणि परवा काहिलीपाशी?"

"त्ये मातुर मला बी सांगता येत न्हाय. म्या बुडबुडं बघत हुतो. शेवटला हंगाम म्हून बघत बसलो, का गोळीनं ध्यान गेलं, का दोन्ही... आता कसं सांगू? बघत हुतो येवढं खरं. लई चांगलं दिसत हुतं."

सहा वर्षं झाली, ती वाटणी मला अजून करता आलेली नाही. त्या हिवाळ्यात आबांमध्ये जे जे मंद झालं त्यातलं औषधाचं किती आणि माझं किती. मी औषधावर डोळा ठेवून बसले होते, एकेक खूण टिपत होते, आणि त्यातल्या कितीतरी खुणा मीच उमटवलेल्या होत्या. न सांगितलेल्या गोष्टीला काही चव नसते, रंग नसतो, ती रोज संध्याकाळी घेतली तरी कळत नाही. आबा त्या दिवशी उठताना धोतर झटकत म्हणाले, "हितनं पुढं मला समदं सांगायचं. चांगलं असलं तरी."

अलीकडे सणसरला गेलं की नव्या साखर कारखान्याची चिमणी लांबूनच दिसते. ऊस आता तिकडे जातो, गुऱ्हाळं कमी झाली. आमचं अजून आहे. पाक बाबालाल बघतो. आबा बाभळीखाली बाजेवर बसलेले असतात. वर्षातून एक-दोनदा फिट येते, घरात, अंथरुणावर. नावं आठवायला वेळ लागतो, कधी कधी अर्ध्या वाक्यात ते थांबतात आणि काकी पुढचा शब्द पुरवते. बहुधा चुकीचा पुरवते, आणि मग ते तिच्यावर ओरडतात. काहील उतरवून झाली की बाबालाल हात पुसत त्यांच्याकडे येतो. "आबा, बरं जमलंय का बघा."

"उतरवलीस न्हवं? मग आता इचारून काय फायदा?"

"आधी इचारलं तर संध्याकाळ कराल," बाबालाल म्हणतो, आणि दोघं हसतात. मला तसं हसायला अजून जमत नाही.

हे असं ठरलं ते त्याच वर्षी माघात, पुण्याला दुसऱ्यांदा गेलो तेव्हा. तीच खोली, तेच टेबल. या वेळी मी काही गाळलं नाही. डॉक्टरांनी विचारलं, कसं आहे? मी आबांना विचारलं. आबा म्हणाले, "सांग त्यास्नी, पाक अजून कळतो. पर उशिरा कळतो. आन पाक थांबत न्हाय." मी ते इंग्रजीत सांगितलं. पाक म्हणजे काय ते सांगायला बराच वेळ लागला, डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग ते म्हणाले, अर्धी गोळी कमी करून बघू, महिन्याने आणखी अर्धी, डोकं थोडं मोकळं होईल. पण मग फिट येणारच नाही असं म्हणता येणार नाही. मी शब्दाला शब्द आबांना सांगितला.

आबांनी भाजलेला हात उलटापालटा करून बघितला. कातडी गुलाबी, ताणलेली होती. "कमी करा म्हणावं," ते म्हणाले. "काहिलीपाशी मी जाणार न्हाय आता. बाबालाल बघंल. डोकं मला घरात बी लागतंय." हे मराठीत ऐकून घेणं सोपं नव्हतं. इंग्रजीत सांगताना ते फार किरकोळ वाटलं. डॉक्टरांनी मान डोलावून कागदावर लिहिलं.

कागद माझ्या हातात देताना त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, आणि आबांकडे वळून काही बोलले. दोनच वाक्यं. मी कागदाची घडी घातली.

"आता काय म्हणाले?" आबांनी विचारलं.

"काही नाही. माझ्याबद्दल होतं."

"समदं सांगायचं ठरलंय."

डॉक्टर थांबून राहिले होते. बाहेर रस्त्यावर टांग्याची घंटा वाजत होती. मी वाक्य जुळवलं. या खेपेला ते जुळायला फार वेळ लागला.

"म्हणतात, तुमची मुलगी फार दमलेली दिसते. तिला कुणी विचारतं का, म्हणाले."

डॉक्टर मला आबांची मुलगी समजले होते. ते मी दुरुस्त केलं नाही, आबांनीही केलं नाही. ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. शब्द शोधत असावेत, किंवा नसावेत. मग म्हणाले, "आता इचारतो. दमलीस का गं?"

मी आधी नुसती मान डोलावली. ते तसेच थांबून राहिले, म्हणून तोंडाने म्हटलं, "हो."